चालू गॅरंटीचा गिअरबॉक्स

शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. लिनिया आणि ग्रँड पुंटो 2009 मध्ये इथूनच बाजारात आल्या, आणि 2017 पासून जीप कंपासही इथेच बनू लागली. बीएस-6 एप्रिल 2020 मध्ये लागू झालं, पण त्याआधीच फियाटने आपल्या नावाच्या गाड्यांचं दुकान आवरलं होतं. त्यामुळे पुंटो ज्या तालुक्यात जन्मली, त्याच तालुक्यातल्या पुंटोवाल्याला गिअरबॉक्ससाठी कारखान्यासमोरून (अर्थात दुसऱ्याच्या गाडीत बसून) आधी पुण्याच्या नाना पेठेत आणि तिथे नाही जमलं तर मुंबईत कुर्ल्याला जावं लागतं. कुर्ला तसं योग्यच ठिकाण म्हणायचं. आपली जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, एकेकाळी तिथेच बनत होती. कारखाना गेला, भंगार मात्र मूळ गावाला धरून राहिलं. शेजारच्या दौंड तालुक्यातल्या पुंटोवाल्याचं एक बरं आहे, गाडी बंद पडली तरी रेल्वेचं जंक्शन चालू असतं.

शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या अशा गाडीला हल्ली ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. तिच्यासाठी जुना मॅन्युअल गिअरबॉक्स घ्यावा का, हा प्रश्न शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या अनेक गॅरेजांत चहाच्या साक्षीने चर्चिला जातो आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. बैल घेताना हाच माणूस दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवतो आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव करतो. गिअरबॉक्स घेताना मात्र ‘चालू गाडीतून काढलाय’ या तीन शब्दांवर नोटा मोजून मोकळा होतो. हे तीन शब्द तपासायची सोय दुकानात नसते, खरी गोम इथेच आहे. फरशीवर ठेवलेल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हाताने फिरवला की फिरतो, पाचही गिअर पडतात, सगळ्यांचे चेहरे उजळतात. पण झिजलेली सिंक्रो रिंग आणि रडणारं बेअरिंग इंजिनाचा जोर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. फार तर ऑइल काढून बघता येतं. लोहचुंबकाला करडी भुकटी लागली तर ते वयोमान, धातूचे तुकडे लागले तर दात पडलेत. शहाण्या दुकानदाराने ऑइल आधीच काढून ठेवलेलं असतं, दुकान घाण होऊ नये म्हणून! तेव्हा माझं म्हणणं एवढंच की जुना गिअरबॉक्स तयार माल समजून घेऊ नये, कच्चा माल समजून घ्यावा. बेअरिंग, सील, रिंगा आणि खोलायची मजुरी त्याच्या किमतीत मिळवावी, आणि ती बेरीज आपल्या शेडमधला गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करण्याच्या खर्चाशी ताडून बघावी. बहुतेक वेळा घरचाच स्वस्त पडतो. आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणून दुसरा घेत असाल, तर उद्या त्या दुसऱ्याला तरी ते कुठून मिळणार आहेत?

यावर गॅरेजमधून हरकत येते, की गाडी अपघातातली आहे, किलोमीटर कमी आहेत, आतला माल नवाकोरा. असेल. पण या गाड्यांत गिअरबॉक्स पुढच्या बाजूला, इंजिनाला चिकटून आडवा बसतो, आणि आपल्या रस्त्यांवर टक्कर बहुधा समोरूनच होते. केसिंगच्या कानाला गेलेली केसाएवढी चीर ग्रीसखाली छान झाकते. दुसरी हरकत अधिक हुशारीची: स्विफ्ट डिझेललाही पुंटो डिझेलचंच 1.3 मल्टिजेट इंजिन होतं, मग तिचाच गिअरबॉक्स टाकू, गल्लोगल्ली मिळतो. इंजिन फियाटचं खरं, पण त्याला लागणारं माउंटिंग, एक्सल, गिअरची केबल हे मारुतीने आपल्या गाडीच्या हिशेबाने केलेलं. ते जुळवायला लेथवाला, वेल्डर आणि देव असे तिघेही लागतात. त्यापैकी पहिले दोघे तारीख देतात. तिसरी हरकत खर्चाची, ‘खोलायला जेवढे जातात तेवढ्यात आख्खा येतो’. येतो ना, पण एकटा येत नाही. तो उतरवला-चढवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग ‘आता खोललंच आहे तर’ या मंत्राने बिलात शिरतात.

बिलावरून आठवलं. हॉटेलात मिसळीच्या बिलात एक पाव जास्त लागला तर मालकाला गल्ल्यावरून उठवणारा ग्राहक गिअरबॉक्सची पावती मात्र मागत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि पावतीचं नाव काढताच दुकानदाराने भाव पाडला तर ते कारण समजायला वकील लागू नये. पावतीऐवजी मिळते ती ‘टेस्टिंग गॅरंटी’. लावून बघा, नाही चालला तर परत आणा, दुसरा देतो. लावायची मजुरी तुमची, उतरवायची तुमची, कुर्ल्याचं भाडं तुमचं. आणि तो दुसराही चालू गाडीतूनच काढलेला असतो.