शंभराव्याचा मुहूर्त

नव्व्याण्णव पुस्तकं वाचून झालेला माणूस पुढे कित्येक महिने काहीच वाचत नाही. तो थकलेला नसतो, स्थळं बघत असतो. शंभरावं पुस्तक कसं घरंदाज हवं, चारचौघांत मिरवता यावं, अंगानं भरलेलं असावं आणि शक्यतो पुरस्कारवालं असावं. आधीची नव्व्याण्णव कशी कुठून आली, हे मात्र विचारायचं नाही.

तरी मी विचारतोच. गुडरीड्सवर २०११ पासून ‘यंदा इतकी पुस्तकं वाचणार’ असा संकल्प सोडायची सोय झाली. तेव्हापासून डिसेंबर हा बारीक पुस्तकांचा हंगाम झाला आहे. आकडा पुस्तकं मोजतो, पानं मोजत नाही. भालचंद्र नेमाड्यांची २०१० साली आलेली ‘हिंदू’ सहाशे पानांच्या घरातली, तीही एकच. आणि मोठ्या टायपातलं, पानाआड सूर्योदयाचं चित्र असलेलं ‘यशाची सात सूत्रं’ छापाचं पुस्तक, तेही एकच. हिशेब कळणारा माणूस सूर्योदय घेतो.

(बारीक म्हणजे हलकं, असं मी मुळीच म्हणत नाही. विश्राम बेडेकरांची १९३९ ची ‘रणांगण’ एका रात्रीत संपते. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवरची चक्रधर आणि हॅर्टाची ती गोष्ट. ती संपली की आठवडाभर दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. म्हणजे आकड्याच्या दृष्टीनं निव्वळ तोटा.)

तर, शंभरावं. आजवर सूर्योदयांवर गुजराण केलेल्या माणसाला इथे एकाएकी जाड पुस्तकाची ओढ लागते. काही जण थेट टॉल्स्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’वर उडी घेतात. बाकीचे म्हणतात, आपल्या भाषेतलं घेऊ, ज्ञानपीठवालं घेऊ. निवड सोपी आहे, कारण मराठीला ज्ञानपीठं चारच : १९७४ चं वि. स. खांडेकरांना, १९८७ चं कुसुमाग्रजांना, २००३ चं विंदा करंदीकरांना आणि २०१४ चं नेमाड्यांना. पैकी कुसुमाग्रज आणि विंदा पडले कवी. कवितासंग्रह नेमका कधी ‘वाचून झाला’ म्हणायचं, हे ठरत नाही, म्हणून दोघेही बाद. खांडेकरांची ‘ययाति’ मावशीच्या कपाटातून काढून कॉलेजातच वाचलेली असते. उरले नेमाडे. अशा काटेकोर वाङ्मयीन विचारातून ‘हिंदू’ घरी येते आणि चाळिसाव्या पानावर विजेचं बिल घालून मिटली जाते. माणूस नव्व्याण्णववरच राहतो.

सचिनचं काय झालं, आठवतं ना? मार्च २०११ मध्ये नागपूरला त्याचं नव्व्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक झालं. पुढचं वर्षभर अख्खा देश शंभराव्यासाठी मैदान निवडत बसला. लॉर्ड्सला व्हावं, मेलबर्नला व्हावं, निदान घरच्या वानखेडेवर तरी. वानखेडेवर तो ९४ वर बाद झाला. शेवटी शंभरावं झालं १६ मार्च २०१२ ला, मीरपूरला, बांगलादेशाविरुद्ध. आणि तो सामना आपण हरलो. एवढं डोळ्यांदेखत घडूनही आपले वाचकवीर लॉर्ड्सचीच तिकिटं काढतात.

पूर्वी आपल्याकडे ही भानगड नव्हती. पोथी एकच असायची, मोजायची ती पारायणं. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांचा. कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचं ते ठरलेलं, सोवळं ठरलेलं, समाप्तीचा नैवेद्यही ठरलेला. ‘शंभरावं पारायण कोणत्या ग्रंथाचं करू?’ असं कुठल्याच आजोबांनी कुणाला विचारलं नाही. आता पोथ्या शंभर, पारायण प्रत्येकीचं एक, तेही मधले अध्याय गाळून. नैवेद्याच्या जागी फोटो असतो : पुस्तक, कॉफीचा मग आणि काळ्या फ्रेमचा चष्मा. चष्म्याला नंबर नसतो.

नुसती नावं ठेवून या सदराचं मानधन मिळत नाही, म्हणून एक उपायही सुचवतो. जे पुस्तक आपण वाचलं आहे असं तुम्ही आजवर लोकांना सांगत आलात, ते शंभरावं म्हणून घ्या.

शोधावं लागणार नाही. प्रत्येकाचं एक असतंच. पुष्कळांचं ‘कोसला’ असतं. १९६३ साली आलेल्या नेमाड्यांच्या या कादंबरीवर बोलण्यासाठी ती वाचावी लागत नाही. पांडुरंग सांगवीकर, पुण्याचं होस्टेल आणि वाक्यात दोनदा ‘उदाहरणार्थ’, एवढ्या भांडवलावर माणूस तासभर परिसंवाद रेटू शकतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’साठी ‘काय ती प्रांजळ शैली!’ पुरतं. दया पवारांचं ‘बलुतं’ निघालं की चेहरा गंभीर करून गप्प बसायचं, लोक समजून घेतात.

डेव्हिड लॉज या इंग्रज लेखकानं १९७५ च्या ‘चेंजिंग प्लेसेस’ या कादंबरीत यावर एक खेळच रचला आहे. आपण न वाचलेल्या पुस्तकाचं नाव घ्यायचं. बसलेल्यांपैकी जितक्यांनी ते वाचलंय, तितके गुण आपल्याला. म्हणजे जो जास्त अडाणी ठरेल तो जिंकणार. इंग्रजीच्या एका प्राध्यापकाला जिंकायची भलतीच खुमखुमी. तो ओरडतो, ‘हॅम्लेट!’ खेळ तो जिंकतो, पण नोकरीत कायम व्हायचं राहून जातं. मराठी विभागांत हा खेळ कुणी खेळू नये. प्राध्यापकांच्या जागा आधीच रिकाम्या आहेत.

माझ्या उपायातली अडचणही तीच. ‘माझं शंभरावं पुस्तक : कोसला’ असं तुम्ही जाहीर केलंत, की ज्या भाच्याला बारावीच्या सुट्टीत ‘नेमाडे वाचल्याशिवाय मराठी कळत नाही’ म्हणून झापलं होतंत, तो विचारणार, ‘मामा, म्हणजे तेव्हा…?’ बायको काहीच विचारणार नाही. तिला लग्नाआधीपासून माहीत आहे.

यातून सुटायला मराठी वाचकाकडे एक भारदस्त वाट आहे, ती म्हणजे पुनर्वाचन. ‘सध्या कोसलाचं पुनर्वाचन चाललंय’ म्हणायचं, थोडं खिडकीबाहेर बघायचं आणि ‘या वयात वेगळीच उलगडते’ अशी पुस्ती जोडायची. हा शोध आपलाच असं मी समजत होतो, पण इटलीचा इतालो काल्व्हिनो १९८१ मध्येच यावर लिहून बसला आहे. अभिजात पुस्तकांवरच्या लेखात त्यानं पहिलीच व्याख्या अशी केली, की लोक ही पुस्तकं कधी ‘वाचत’ नसतात, नेहमी ‘पुन्हा वाचत’ असतात. म्हणजे इटलीतही भाचे असणार.

फक्त जरा सांभाळून. पुनर्वाचन करणाऱ्याला पान ओलांडायची घाई नसते आणि पुढे काय झालं म्हणून तो रात्री दोनला दिवा लावत नाही. मुख्य म्हणजे शेवट आला की तो दचकत नाही. तेव्हा शेवटची पन्नास पानं दार लावून वाचा.