फोटो अद्याप अप्राप्त

रायगड जिल्ह्यातल्या मराठी शाळांत समाजमाध्यम सर्वांत जास्त कोण वापरतो, असा प्रश्न शिष्यवृत्ती परीक्षेला आला, तर ‘विद्यार्थी’ या पर्यायाचा गोल काळा करणारे पोर हमखास गुण गमावेल. बरोबर उत्तर ‘केंद्रप्रमुख’. त्यांच्यावर विस्तार अधिकारी, त्यांच्यावर गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा; आणि प्रत्येक पायरीवर एक व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी ‘तातडीचे’, दुपारी ‘अति तातडीचे’ आणि चारच्या सुमाराला ‘अद्याप अप्राप्त’ या मथळ्याखाली शाळांची नावे. कळवण्यासारखे काहीच नसेल त्यांनी ‘निरंक’ असे कळवावे, म्हणजे काहीही घडले नाही याचीसुद्धा वेळेत नोंद होते.

पेणच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेचे गुरुजी या व्यवस्थेत छायाचित्रकार म्हणून काम पाहतात. परिपाठाचा फोटो, खिचडीचा फोटो, हात धुण्याचा फोटो, लावलेल्या झाडाचा फोटो, मग त्याच झाडाशेजारी उभ्या मुलाच्या आईचा फोटो. फोटो अक्षांश-रेखांशासह हवा, म्हणजे गुरुजी वाडीवरच आहेत, पेणच्या बाजारात पोहे-पापडांचा भाव करत नाहीत, याबद्दल उपग्रहाची खात्री पटते. मुलांकडून अपेक्षा एवढीच, की त्यांनी पाठमोरे उभे राहू नये. सातचा पाढा येतो की नाही हे अजून फोटोत उतरत नाही. ही कॅमेरा कंपन्यांची उणीव आहे.

हे खूळ परवाचे नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याने शासन निर्णय काढला होता: शिक्षकांनी दर सोमवारी मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवावी. हेतू उदात्त होता. शाळाबाह्य मुले कमी व्हावीत! जे मूल शाळेत येतच नाही, ते सेल्फीत कसे येणार, हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रशासन कळत नाही असे समजावे. फोन कोणाचा, डेटा कोणाचा, नेटवर्क कुठले, अशा क्षुल्लक शंका काढून शिक्षक संघटनांनी तो बेत हाणून पाडला. सेल्फी गेली, सवय राहिली. डिसेंबर २०२३ पासून हजेरी ‘स्विफ्टचॅट’ ॲपवरच्या बॉटला द्यायची ठरली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, पटावरून शिक्षकसंख्या ठरवणारी संचमान्यता आणि कंत्राटी शिक्षकांच्या निर्णयाविरुद्ध राज्यातले शिक्षक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या हत्यारांत एक नवे हत्यार होते: प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडणे. गांधीजींच्या असहकारात विलायती कापडाची होळी झाली, गुरुजींच्या असहकारात ‘लेफ्ट’ झाले. त्या दिवसांत वर्गातल्या शिकवण्याचे काय बिघडले, याचा अहवाल कोणी मागितला नाही. मागायचा तरी कुठल्या ग्रुपवर?

तरी या माध्यमाला शिकवण्याची संधी मिळालीच नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत मिळाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत राज्याची अभ्यासमाला रोज फोनवर येऊ लागली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्वाध्याय’ नावाने व्हॉट्सॲपवरच आठवड्याची चाचणीही आली. रायगडातल्याच रोह्यात मात्र निसर्गाने अभ्यासक्रमात थोडा फेरफार केला. ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि रायगडात विजेचे हजारो खांब आडवे झाले. नवे शैक्षणिक वर्ष १५ जूनपासून ऑनलाइन सुरू करायचे होते. छपरावर कौले नाहीत, घरात वीज नाही, फोनला चार्ज नाही आणि कागदावर शिक्षण चालू आहे!

खांब पुन्हा उभे राहिले. मग दुसरी अडचण कळली. वर्गाचा ग्रुप मुलांचा नसतोच. व्हॉट्सॲपच्या नियमाने १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून खातेच उघडता येत नाही, म्हणजे पहिली ते सातवीच्या ग्रुपात बहुतेक बसलेले असतात बाबा. हमरापूर-जोह्याकडचे बाबा गणपतीच्या कारखान्यात. त्यांच्या फोनवर मुंबईच्या गिऱ्हाईकांचे ‘डोळे जरा मोठे करा’, ‘शेला भगवा हवा’ असे निरोप, आणि त्यांच्या मधोमध कुठेतरी चौथीचे अपूर्णांक. रोह्याचे बाबा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला, फोन त्यांच्या खिशात. ते घरी येतात तेव्हा विद्यार्थी झोपलेला असतो आणि सकाळी बाई विचारतात, ‘मेसेज पाहिला नाहीस?’ ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्यातल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधी पडतच नव्हता. ज्यांच्या हाती पडतो त्यांचेही ऐका. २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काहीतरी केले होते आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यम वापरले होते. तेव्हा मुले हे माध्यम शिकली आहेत. फक्त शाळेकडून नव्हे.

कातकरी वाड्यांवरची गोष्ट याहून सरळ. दिवाळी सरली की कुटुंबे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघतात, मुलेही जातात. शाळेचा धागा सुटू नये म्हणून अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात. कागदाचे कार्ड. भट्टीवरच्या मुलाला आठवड्यातून एकदा त्याच्या वर्गाशी दहा मिनिटे बोलू द्यावे, हे काम फोनला सहज जमले असते. पण फोन तेव्हा खिचडीचा फोटो काढण्यात गुंतलेला असतो.

या यंत्राचे खरे काम काय, हे एका जिल्हा परिषद शिक्षकाने करून दाखवले आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. त्यांनी पुस्तकाच्या पानाला क्यूआर कोड चिकटवला, तो पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला. आपल्या पोरांना व्हिडिओ कॉलवरून परदेशी वर्गांत फिरवून आणले, भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलायला बसवले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. जगाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रजेचा अर्ज, गैरहजेरीची चौकशी आणि २०२२ च्या जुलैत राजीनामा, असा घरचा सत्कारही यथासांग पार पडला. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या शिक्षकाने पुरस्काराआधी रजेचा हिशेब चोख ठेवावा.

पेणचा गणपती समुद्र ओलांडून परदेशी जातो. पेणच्या मुलाचे रोह्याच्या मुलाशी मात्र बोलणे होत नाही, जरी मध्ये कासू, नागोठणे आणि निडी एवढीच स्टेशने आहेत. वास्तविक दोघांकडे एकमेकांना सांगण्यासारखे ढीगभर आहे. पेणच्या पोराला शाडूची मूर्ती का तडकते आणि प्लास्टरची का तडकत नाही, हे हाताने ठाऊक आहे. रोह्याचे पोर सांगू शकेल, की कुंडलिकेला भर उन्हाळ्यात सकाळी पाणी कुठून येते: मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज तयार करून खाली उतरते आणि त्यावर कोलाडला मुंबईकरांच्या राफ्ट चालतात. विज्ञान, भूगोल, अर्थशास्त्र, सगळे यात आले. कुठल्याही ॲपच्या कंपनीला ते बसल्या जागी रचता येणार नाही.

राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ २०२४ पासून कागदावर आहेच. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना विनंती, की येत्या अशा एका शनिवारी दोन वर्गांना अर्धा तास फोनवर समोरासमोर बसवावे. गुरुजींनी फोन उभा धरावा आणि बाजूला व्हावे. उपक्रमाचा अहवाल ‘निरंक’ आला तरी चालवून घ्यावे.