करून घेतलेलं गेट

कोल्हापुरात लोखंडी वस्तू दोन जातीच्या असतात : आणलेल्या आणि करून घेतलेल्या. आणलेल्या वस्तूचं कौतुक फार तर खोकं उघडेपर्यंत टिकतं. करून घेतलेली वस्तू मात्र पाहुण्यांना दाखवली जाते, हलवून दाखवली जाते, वेळ पडली तर तिच्यावर उभं राहून दाखवली जाते. या दुसऱ्या जातीचा पुरस्कार करणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतो. पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे त्याला आबा म्हणतात.

आबांची उमेदीची वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, नाहीतर शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलेली असतात. निवृत्त होऊन जमाना झाला तरी खिशातला टेप सुटलेला नसतो. पोराला सायकल हवी म्हटल्यावर यांनी ती जोडून घेतलेली असते, मुलीच्या लग्नात कपाट करून घेतलेलं असतं, आणि ते कपाट हलवायला चार माणसं लागतात म्हणून मुलगी अजून सासरी नेऊ शकलेली नसते. थोरल्या नातीला चालायला शिकवायला पांगुळगाडा करून घेतला, त्याला हौसेनं बॉल बेअरिंग बसवलं. ती नात चालायला शिकलीच नाही, एकदम पळायला शिकली.

यात आबांचा तरी काय दोष? याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. याच गावच्या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या विहिरींवर ऑइल इंजिनं बसवली. अशा गावात जिन्याला बाळाचं गेट लावायचं, आणि ते मोबाइलवर बोट दाबून मागवायचं?

मुलानं ते मागवलं होतं.

आमच्या शेजारचे हे आबा राजारामपुरीतले. दुमजली घर, आतून जिना, आणि धाकटा नातू शंभू नुकताच रांगायला लागलेला. सुरुवातीला घरात परंपरागत उपाय झाले. दारात पाट आडवा लावला, पाटाला टेकून पिठाचा डबा ठेवला. शंभूनं डबा उघडला. मग आजींनी आपल्या काळचा रामबाण उपाय सांगितला : जुन्या लुगड्याची दोरी वळायची, एक टोक खाटेच्या पायाला, दुसरं पोराच्या कमरेला, आणि आपण निवांत भाकरी बडवायला बसायचं. “तुजा नवरा तसाच वाढलाय,” त्या सुनेला म्हणाल्या. सुनेनं नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं. त्याच रात्री गेटची ऑर्डर गेली.

आलेलं गेट दिसायला छान होतं. पांढरंशुभ्र, हलकं. भिंतीला भोक पाडायचं नाही, दोन्ही बाजूंच्या रबरी टोप्यांचे स्क्रू फिरवत गेट दोन भिंतींमध्ये ताणून बसवायचं. खाली जमिनीलगत एक आडवी पट्टी. आबा फिरून आले, चष्मा पुसला आणि नळीला नखानं टिचकी मारून कान दिला.

“बावीस गेज,” ते खिन्न आवाजात म्हणाले.

गेजचा हिशेब उलटा असतो, आकडा वाढला की पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडं वर, २० गेज म्हणजे एक मिलिमीटरच्या आत, आणि २२ म्हणजे आबांच्या मते बिस्किटाच्या पुड्याचा कागद. माणसांची प्रतवारीही ते याच मापानं करतात. शेजारचा पैलवान १४ गेज, मुलगा १८. पुण्याच्या जावयाला त्यांनी २२ ठरवलंय, जावयाला अजून पत्ता नाही.

मग खासबागेच्या कुस्ती मैदानात जोडीला हात लावावा तसे आबांनी गेटला दोन्ही हात लावले आणि एक हिसका दिला. गेट हातात आलं. “ह्ये गेट हाय व्हय रं?” एवढंच म्हणून त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं.

इथं सांगितलं पाहिजे की आबांचं बरोबर होतं. ताणून बसवायचं गेट स्वयंपाकघराच्या दाराला चालतं, दोन खोल्यांच्या मध्ये चालतं. जिन्याच्या वरच्या तोंडाला ते लावायचं नसतं. मूल रेललं, गेट सरकलं, की गेटासकट मूल खाली. शिवाय ती खालची आडवी पट्टी नेमकी पहिल्या पायरीच्या काठावर येते, आणि मूल कडेवर घेतलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. वरच्या तोंडाला भिंतीत स्क्रूनं पक्कं केलेलं, खाली पट्टी नसलेलं गेटच हवं. खोक्यावर बारीक अक्षरांत हे बहुधा छापलेलंही असतं. बारीक अक्षरं वाचायची मुलाला सवय नव्हती आणि आबांना गरज नव्हती.

अडचण अशी, की एका बाबतीत बरोबर निघालेले आबा पुढं कशालाच ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते जिन्याचं माप घेऊन उद्यमनगरात गेले. माप दोन फूट दहा इंच तीन सूत. मिस्त्री जुना दोस्त. त्यानं दुकानाच्या फरशीवर खडूनं गेट काढलं, चहा सांगितला. आबांच्या मनात प्रथम कोलॅप्सिबल होतं, दुकानाला असतं तसं, ओढलं की मिटणारं. सुनेनं फोनवरूनच ते उडवलं. मिटताना त्या कातरीत बोट सापडतं हे तर खरंच, पण तिनं आणखीही वाचून ठेवलं होतं : अमेरिकेत पूर्वी घडीची लाकडी गेटं असायची, वर टोकदार खाचा आणि मध्ये तिरके चौकोन, त्यांत मुलांच्या माना अडकल्या आणि १९८५ पासून तसली गेटं तिथं बनेनाशी झाली. आबांना अमेरिकेचं काही वाटलं नसतं, पण मान हा शब्द ऐकून त्यांनी फरशीवरचा खडू स्वतःच्या पायानं पुसला.

मग साधं गेट ठरलं. त्यावर आबांनी दोन आडव्या पट्ट्या सांगितल्या, मजबुतीसाठी. सून म्हणाली, “आबा, आडव्या पट्ट्या म्हणजे शिडी. फक्त उभे गज घाला.” आबांनी ते मान्य केलं, कारण शंभू त्यांचा नातू होता आणि शिडी दिसली की तो चढणार याबद्दल त्यांना अभिमानयुक्त खात्री होती.

दोन गजांमध्ये जागा किती, यावर मात्र खरी कुस्ती झाली. खिडकीच्या ग्रिलला चार इंच ठेवतात म्हणून मिस्त्रीनं चार इंच धरले. सून म्हणाली, अडीच इंच, युरोपातला दंडक साडेसहा सेंटिमीटरच्या आतला आहे. आबांनी वादाचा निकाल लावायला एक नारळ आणला, शंभूच्या डोक्याच्या मापाचा, आणि सून दुकानात आल्यावर तिच्यादेखत दोन गजांमध्ये दाबून दाखवला. “जातंय व्हय डोस्कं? न्हाई जात.”

“आबा, पोरं डोकं आधी घालत नाहीत,” सून म्हणाली. “पायाकडनं सरकतात. अंग बाहेर जातं आणि डोकं आत राहतं.”

वेल्डिंगचा आवाजही थांबला होता. आबांनी नारळ हातात फिरवला, तिथंच ऐरणीवर फोडला, अर्धी वाटी मिस्त्रीला दिली आणि म्हणाले, “मधी आनी एकेक गज घाल.”

रंगावरून आणखी एक चकमक झाली. आबांकडं फौंड्रीच्या दिवसांतला मशीनला द्यायचा हिरवा रंग अर्धा डबा शिल्लक होता. दात येणारं मूल गेटची वरची पट्टी चावतं, हे ज्यानं बघितलंय त्याला माहीत असतं. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडं घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांच्या वर चालत नाही. कारखान्यातल्या रंगांना तो नियम नाही, आणि आबांचा डबा तर त्या नियमाचा आजोबा होता. सुनेनं डब्याला झाकण लावून तो माळ्यावर टाकला आणि घरगुती वापराचा नवा डबा आणला. आबा मिस्त्रीला म्हणाले, “आमी काय काय चावलं आसल ल्हानपणी!” मिस्त्री म्हणाला, “त्ये दिसतंयच की.”

उंची मात्र कुठल्याच दंडकानं ठरली नाही. निदान बावीस इंच हवी, एवढंच सुनेचं म्हणणं. आबांना चार फूट हवी होती. पण मिस्त्रीकडं १६ गेजच्या चौकोनी नळीचे तुकडे शिल्लक होते सव्वादोन फुटी, आणि फुकट मिळणाऱ्या नळीपुढं कोल्हापूरकर तत्त्वाला चिकटून बसत नाही.

गेट टेम्पोतून आलं. गल्ली जमली. आजींनी हळद-कुंकू वाहिलं. ड्रिलनं भिंतीत भोकं पडली, अँकर फास्टनर ठोकले गेले, वरच्या पाहुण्यांच्या खोलीतला फोटो खाली पडला. मिस्त्री जिन्याच्या बाजूला उघडणाऱ्या बिजागऱ्या लावणार, एवढ्यात सून पुन्हा आडवी आली : गेट जिन्यावर उघडायचं नाही, आत व्हरांड्याकडं उघडायचं, नाहीतर ढकलणारा माणूस तोल जाऊन खाली. शेवटी आबांनी गेटवर पाय देऊन उभं राहून दाखवलं. टाळ्या झाल्या. शंभू टाळ्या वाजवत पलीकडून गज हलवत होता.

एवढं झालं आणि गेट उघडंच राहू लागलं.

कारण कडी. आबांनी बाळाच्या गेटला गोदामाचा अलड्रॉप बसवला होता. तो सरकवायला दोन्ही हात लागायचे, आणि जिन्यात माणसाचे दोन्ही हात मोकळे कधी असतात? सुनेच्या हातात धुण्याची बादली, मुलाच्या हातात लॅपटॉप, कामवालीच्या हातात कुरडयांचं ताट. एकदा उघडलं की संध्याकाळपर्यंत उघडं. आजींनी तर गेटशी संबंधच ठेवला नाही. नऊवारीचा काष्टा सावरून त्या सरळ ओलांडून जायच्या. “आगं, पडशील,” म्हटलं की म्हणायच्या, “मी कशाला पडतो? त्ये उघडाय बसलो तर दुपार व्हईल.” पडल्या असत्या तर गेटामुळंच पडल्या असत्या, हे त्या घरात एकट्या सुनेला दिसत होतं.

आबांनी यावर माणूस नेमला, म्हणजे स्वतःला. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून दिवसभर ओरडायचं, “गेट लावा!” दूधवाला खालून ओरडला तरी वरून उत्तर “गेट लावा!” शेजारी आम्हीही आमच्या घरातली दारं लावू लागलो. शंभूचा पहिला शब्द कोणता, यावर घरात आई की बाबा अशी पैज होती. तो म्हणाला, “गेत.”

आबा एका लग्नाला इचलकरंजीला गेले तेव्हा सुनेनं मिस्त्रीला बोलावून अलड्रॉप काढला. जागी उचलून सरकवायची कडी आली, मोठ्या माणसाच्या एका हातानं उघडणारी, आणि बिजागरीला स्प्रिंग, सोडलं की आपोआप मिटणारी. आबा परतले. त्यांनी गेट सोडलं, ते मिटलं. परत सोडलं, परत मिटलं. बराच वेळ त्यांचं हेच चाललं होतं. “मीच सांगितलंतं त्याला, स्प्रिंग घाल म्हणून,” ते मला म्हणाले. मिस्त्रीनं याला दुजोरा दिला. उधारी आबांकडूनच यायची होती.

गेट कधी काढायचं, हा नियमही सुनेनंच सांगितला : मूल चढायला लागलं की, किंवा गेट मुलाच्या उंचीच्या पाऊण पटीपेक्षा कमी भरलं की. आबांना तो लगेच कळला. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी फूट-इंचांत मोजत बसलेल्या गावाला वेगळं काय समजवायचं? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आबांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. सव्वादोन फुटी गेटला तीन फुटी पोर ही धोका पातळी, त्याखाली दोन इंचांवर इशारा. दर रविवारी शंभूला चौकटीला उभं करायचं आणि कट्ट्यावर येऊन जाहीर करायचं, “इशाऱ्याला आजून चार बोटं कमी हाय. विसर्ग सुरू न्हाई.”

शंभू कुठल्याच पातळीला पोचला नाही. दोन वर्षांचा व्हायच्या आधीच एका सकाळी त्यानं पिठाचा तोच डबा ढकलत आणला, वर चढला, गेटवर एक पाय टाकला आणि घोड्यावर बसल्यासारखा बसून राहिला. सून किंचाळली. आबांनी त्याला उचललं आणि मुलाला पेढे आणायला पाठवलं. गेट त्याच दिवशी उतरवलं. अँकर काही निघाले नाहीत, ग्राइंडरनं कापावे लागले.

आता ते गेट पुण्याला लेकीकडं पाठवायची तयारी चालली होती, तिचं बाळ रांगायला लागलंय. पार्सलचा दर वजनावर असतो हे कळल्यावर आबा स्वतः घेऊन निघणार होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला : आबा, आणू नका, आम्ही ऑनलाइन मागवलं, ह्यांनी लावलंसुद्धा, भिंतीत स्क्रू मारून.

आबा गप्प झाले. मग म्हणाले, “नळीला टिचकी मार आनी फोन जवळ धर.”

पलीकडं काहीतरी टिणकन वाजलं. लेक म्हणाली, जावयांनीच मारली टिचकी, ऐकू आली का? आबा डोळे मिटून ऐकत होते.

“बावीस,” ते म्हणाले.

आतून आजींनी विचारलं, “गेट, का जावई?”