आपोआप हलणाऱ्या फेडरांबाबत निवेदन

चहा सांगितलाय, येईपर्यंत ऐकून घ्या. नाटकांना साउंड देणं हा माझा व्यवसाय. पूर्वी मिक्सरवर एका माइकला एक फेडर असे. तो मी बोटानं वर केला की आवाज वाढे, खाली केला की कमी होई. या व्यवस्थेबद्दल कुणाची लेखी किंवा तोंडी तक्रार आल्याचं मला आठवत नाही. तरीही ती बदलण्यात आली. आता फेडरच्या खाली मोटर असते. कुठला माइक चालू, कुठला बंद, कोण किती वर, कुणाला रिव्हर्ब म्हणजे घुमारा किती, अशी प्रत्येक प्रवेशाची मांडणी तालमीतच ‘सीन’ म्हणून साठवून ठेवायची. प्रयोगात वेळ आली की एक बटण दाबायचं. सगळे फेडर सर्रकन आपापल्या जागी जाऊन उभे राहतात. माणसं कधी इतकी शिस्तीत वागत नाहीत, तिथंच मला संशय यायला हवा होता.

याचा पहिला परिणाम माझ्या प्रतिष्ठेवर झाला. शेवटच्या रांगेतलं एखादं पोर मागं वळून बघतं आणि विचारतं, “आई, ते काका काय करतात गं?” आई हलणाऱ्या फेडरांकडे बघते, मग माझ्याकडे, आणि म्हणते, “काही नाही रे, तू पुढं बघ.” हाच अहवाल निर्मात्यांपर्यंतही पोचला असावा. “आता सगळं आपोआप होतं की,” असं म्हणून त्यांनी माझ्या सहायकाचं पद रिक्त ठेवलं. ते आजतागायत रिक्त आहे.

मूळ दोष आपल्याकडचा नाही, हे नमूद करतो. १९७७ साली इंग्लंडातल्या नीव्ह कंपनीनं नेकॅम नावाची यंत्रणा आणली आणि स्टुडिओतल्या मिक्सरचे फेडर संगणक हलवू लागला. त्या लोकांचं बरोबरच होतं. टेपवरचं गाणं दर वेळी तेवढंच वाजतं. गायकाचा घसा बसत नाही, तबलजी उशिरा येत नाही, कडवं गाळलं जात नाही. पुढं यामाहानं डीएमपी-७ या छोट्या डिजिटल मिक्सरला मोटरचे फेडर बसवले, १९९५ मध्ये त्यांचाच ०२आर आला. २०१२ मध्ये बेरिंजरचा एक्स-३२ आला आणि ही चैन आमच्यासारख्यांच्याही आवाक्यात आली. स्टुडिओतल्या बंद खोलीसाठी केलेली सोय अशी टप्प्याटप्प्यानं जिवंत माणसांवर लागू करण्यात आली.

आता अन्यायाचं स्वरूप सांगतो. समजा आज नायकाला सर्दी आहे. पहिल्या प्रवेशात मी त्याचा फेडर चार बोटं वर घेतो. आवाज छान पोचतो. दुसरा प्रवेश येतो, मी बटण दाबतो आणि नायक पुन्हा तालमीतल्या पातळीवर. तालमीत त्याला सर्दी नव्हती, हा यंत्राचा मुद्दा. मी पुन्हा वर घेतो, तिसऱ्या प्रवेशात ते पुन्हा खाली आणतं. माझी दुरुस्ती दर प्रवेशाला फेटाळली जाते, तीही कारण न देता. काही मिक्सरवर तर फेडर सरकत असताना बोट लावलं तर मोटर उलट ढकलते. प्रेक्षागृहाच्या अंधारात एका इवल्याशा फेडरशी पंजा लढवणारा इसम आपण पाहिलात, तर तो मी.

यावर जाणकार मंडळी सांगतात, “रिकॉल सेफ लावा की!” म्हणजे सदर माइकला संरक्षण द्यायचं, सीन बदलला तरी त्याला कुणी हात लावणार नाही. लावलं. नायकाचा फेडर खरोखरच हलला नाही. त्याचं म्यूटही हलेना, कारण सेफ म्हणजे सर्वंकष सेफ. महाराज, म्हणजे आमचे नायक, विंगेत गेले तेव्हा त्यांचा माइक चालूच. इतके प्रयोग झाले तरी नाईटचं मानधन वाढवून मिळत नाही, या विषयावर महाराजांनी विंगेत जे मनोगत व्यक्त केलं, ते बाल्कनीपर्यंत स्वच्छ पोचलं. त्या दिवशीचा सर्वांत चांगला साउंड तोच होता. याची दखल कुणी घेतली नाही. निर्माते तिसऱ्या रांगेत बसले होते, त्यांनी वेगळ्याच गोष्टीची दखल घेतली.

आणि वन्समोअर! संगीत नाटकाचा साउंड केला असेल तर माझं दुःख कळेल. ‘संगीत सौभद्र’ १८८२ चं. तेव्हापासून मराठी प्रेक्षक नाटक मागं नेत आलेला आहे, तो त्याचा वहिवाटीचा हक्क. पण सीनची यादी पुढं जाण्यासाठीच केलेली असते. सुभद्रेचं पद संपतं, टाळ्या पडतात, मी बटण दाबतो, ऑर्गन आणि तबला नम्रपणे खाली जातात. तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज येतो, “वन्समोअर!” बाई नमस्कार करून पुन्हा सुरू. साथ मात्र यंत्राच्या मते संपलेली आहे. मागचा सीन बोलवावा, तर त्याच्याबरोबर मागच्या सगळ्या पातळ्याही येतात. सर्दीच्या आधीच्या.

यावर उपाय म्हणून आता लॅपटॉप दिलाय. तो मिडी या यंत्रांच्या भाषेतून मिक्सरला सीनचा क्रमांक कळवतो. मिडीतले क्रमांक ० ते १२७. काही यंत्रं तेच १ ते १२८ असे दाखवतात. हा निर्णय कोणत्या समितीनं घेतला, याची चौकशी व्हायला हवी. कारण लॅपटॉपचा पाच हा मिक्सरचा सहा निघाला आणि रानातल्या प्रवेशासाठी जपून ठेवलेला रिव्हर्ब बलरामाच्या वाड्यात लागला. बलराम वाड्यात रागावले आणि द्वारकेच्या डोंगरातून उत्तर आलं. डोंगर नेपथ्यात नव्हता. नेपथ्यकारानं मध्यंतरात येऊन मला विचारलं, मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. लॅपटॉप गप्प होता. यंत्रं चौकशीच्या वेळी नेहमीच गप्प असतात.

तेव्हा आपल्याला एकच विनंती. पद आवडलं तर वन्समोअर जरूर द्या, पण टाळ्यांच्या आधी द्या. टाळ्या संपेपर्यंत थांबलात, तर मी पुढच्या प्रवेशात गेलेलो असतो आणि मला परत आणायला सध्या सहायक नाही.