सात थरांचे नाना

जानेवारीत आमच्या ग्वाल्हेरच्या लश्करात वेळ बघायला घड्याळ लागत नाही. नाना कितव्या थरात आहेत एवढं बघायचं. सातही थर अंगावर असले तर सकाळचे आठ. शाल गेली की दहा. कोट दिसेनासा झाला की बारा. नुसता हाफ स्वेटर उरला म्हणजे दोन वाजले, पानं घ्यायला हरकत नाही. संध्याकाळी हाच हिशेब उलटा. मुंबईचे गोविंदा वर्षातून एकदा थर लावतात. नाना रोज लावतात, रोज उतरवतात.

असा एक नाना लश्करातल्या आमच्या हरिशंकरपुरमच्या प्रत्येक गल्लीत सापडेल. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथं तळ दिला, त्या छावणीचंच शहर झालं आणि नावही लश्करच राहिलं. तंबू केव्हाच उठले. नाना मात्र अजूनही घरातून भाजी आणायला निघतात ते मोहिमेवर निघाल्यासारखे.

पुण्याच्या त्यांच्या बहिणीला हे कळत नाही. नानांनी एकदा फोनवर सांगितलं, "अगं, इथं फार सर्दी पडलीय." पलीकडून ताबडतोब उत्तर आलं, "मग वाफ घे, निलगिरीचे दोन थेंब टाकून." नानांची सर्दी हिंदी होती, बहिणीची मराठी. तेव्हापासून ते पुण्याला फोन करताना 'थंडी' म्हणतात, आणि पुण्याच्या थंडीला 'हवा बरी आहे' म्हणतात.

थर लावण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे. पायाशी सुती बनियन. त्यावर थर्मल; तिला ते 'इनर' म्हणतात. मग शर्ट, हाफ स्वेटर, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कोट आणि कळसाला शाल. मफलर आणि कानटोपी थरांत मोजायच्या नाहीत, ते अलंकार. "आतला बारीक, बाहेरचा जाड. आतला अंगाबरोबर, बाहेरचा ऐसपैस. उलटं केलंस की माणूस रजई भरल्यासारखा दिसतो." शर्टाची कॉलर स्वेटरच्या गळ्यातून दिसली पाहिजे, इनरचा गळा दिसता कामा नये. कोटाच्या बाहीतून शर्टाची कफ अर्धं बोट बाहेर. त्याहून जास्त आली तर कोट थोरल्या भावाचा वाटतो. रंग तीनच. चौथा आला की थेट मेळ्यात जाऊन उभं राहावं, लोक तिकीट काढून बघतील.

"आणि ऊब लोकरीत नसते," हे ते आवाज खाली आणून सांगतात. "दोन कपड्यांच्या मध्ये जी हवा अडकते ना, तिच्यात असते." हे खरंच आहे. म्हणून नातवाचं फुगीर जाकीट त्यांना सहन होत नाही. "त्यातही हवाच आहे. फरक एवढाच, की ती विकत घेतलेली आहे."

कोटावर त्यांचा विशेष जीव. कापड ग्वालियर सूटिंगचं, ज्याच्या जाहिरातीत टायगर पतौडी असायचे. "पतौडींनी पैसे घेऊन जाहिरात केली," नाना म्हणतात, "मी चाळीस वर्षं फुकट करतोय." शाल ग्वाल्हेरच्या मेळ्यातली. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा नाना एकही वर्ष चुकवत नाहीत. दर वर्षी शालीचा भाव विचारतात, अर्ध्यावर आणतात, आणि "अंगावरची अजून चांगली आहे" म्हणून गजक घेऊन परत येतात.

आता मुद्दा असा, की उतरवलेले थर जातात कुठं? कारण नानांच्या हातात कधी ओझं नसतं.

शाल राहते अचलेश्वर मंदिराजवळच्या फुलवाल्याकडे. कोट बाडा चौकाजवळच्या शिंप्याच्या खुंटीवर. पूर्ण बाह्यांचा स्वेटर दीडच्या सुमाराला आमच्या घरी. "ऊन तापलं, कुठं वागवत बसू? संध्याकाळी नेतो." संध्याकाळी पाचला नाना हाफ स्वेटरवर आमच्याकडे हजर. स्वेटर घालायला लागतं अर्धं मिनिट, पण त्याआधी एक चहा आणि आईशी गल्लीतल्या साऱ्या घडामोडी. तिथून बाड्यावर, कोटाबरोबर दुसरा चहा आणि शिंप्याच्या मुलाच्या नोकरीची चौकशी. मग आरतीला मंदिर, शाल, फुलवाल्याच्या गुडघेदुखीवर सल्ला. साडेआठला सातही थर घरी पोचतात. नानी दारात उभ्या राहून धोब्याचे कपडे मोजावेत तसे ते मोजतात. एखादा कमी भरला तर विचारतात, "आज कुणाकडे गप्पा राहिल्या?"

गेल्या जानेवारीत एक दिवस असा उजाडला की उजाडलाच नाही. कोहरा इतका, की समोरच्या घराचं फाटक दिसेना. दहा वाजले, बारा वाजले, ऊन नाही. दीडला फाटक वाजलं. नाना आले ते सातही थरांत, मफलर-कानटोपीसकट. शाल फुलवाल्याकडे राहिली नव्हती, कोट शिंप्याकडे राहिला नव्हता. चेहरा तिकीट चुकीच्या गाडीचं निघाल्यासारखा.

थोडा वेळ खुर्चीत बसले. मग उठले. शाल काढली, माझ्या हातात दिली. कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. पूर्ण बाह्यांचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. त्यानंतर पुन्हा कोट घातला, शाल घेतली, मफलर गुंडाळला. दात वाजत होते.

"उकडतंय बुवा," नाना म्हणाले. "हा राहू दे इथंच. संध्याकाळी नेतो."

आईनं स्वेटर खुंटीला लावला आणि पाचच्या चहासाठी आलं काढून ठेवलं.