सातशे शब्दांचा ड्रॅक्युला

आमच्या काचेच्या कपाटात ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ दर्शनी जागेवर उभं असतं. त्यातली खूण गेली अकरा वर्षं तेविसाव्या पानावर आहे. पाहुण्यांनी विचारलं तर मी ‘सध्या वाचतोय’ म्हणतो. हे खोटं नाही, कारण सोडून दिल्याचं मी अजून जाहीर केलेलं नाही.

अशा माणसाच्या हातात लेकीनं ऑक्सफर्ड बुकवर्म्स या सोप्या इंग्रजी पुस्तकांच्या मालिकेतला ‘ड्रॅक्युला’ ठेवला. पायरी दुसरी. सबंध पुस्तक सातशे मूळ शब्दांच्या बेतात बसवलेलं. “पहिल्या पायरीत चारशेच असतात, पण म्हटलं बाबांना वाईट वाटेल.” छप्पन्नाव्या वर्षी ‘प्लेथोरा’, ‘युबिक्विटस’ असे शब्द खिशातल्या चिल्लरीसारखे खुळखुळवत फिरणाऱ्या माणसाला सातशे!

लोकलमध्ये कुणी पाहू नये म्हणून पुस्तकाला कालनिर्णयच्या पानाचं कव्हर घातलं. तिसऱ्याच दिवशी समोरच्यांनी विचारलं, “संकष्टी कधी आहे हो?” मी कव्हर बघून ऐटीत सांगितली. पान गेल्या वर्षीचं होतं.

आत मात्र माझी चिल्लर चालेना. प्लेथोरा कुठेच भेटला नाही. भेटला तो ‘गेट’. गेट अप, गेट इन, गेट अवे, गेट ओव्हर. शब्द एकच मोजायचा आणि कामं मात्र त्याच्याकडून गड्यासारखी करून घ्यायची! हा कसला हिशेब, म्हणून मी चिडलो. मग दादरपर्यंत विचार करत बसलो, की उद्या कुणी परदेशी माणसासाठी चारशे शब्दांचं मराठी पुस्तक लिहिलं, तर त्यात ‘लागणे’ एकदाच मोजतील ना? त्या बिचाऱ्याला भूक लागेल, ठेच लागेल, ऊन लागेल. नोकरी लागेल, मग निकाल लागेल (हा क्रम आमच्या हापिसात चालतो). फलाटावर गाडी लागेल आणि घाटात त्यालाच गाडी लागेल. दार लागेल, डोळा लागेल, दृष्ट लागेल, गवयाचा सूर लागेल, शेजाऱ्याचा फोन लागणार नाही. ‘माझ्या नादी लागू नका’ असं कुणी म्हणालं की तो डिक्शनरी उघडेल आणि त्याला वेड लागेल. तेव्हा इंग्रजांना ‘गेट’ माफ केला.

ही शब्द मोजून पुस्तकं लिहायची कल्पना पुढे रेटणाऱ्यांत मायकेल वेस्ट नावाचे एक साहेब होते, आणि ते विलायतेत नाही, तर ढाक्यात मास्तरांना शिकवत होते. १९२०च्या दशकात त्यांनी बंगाली पोरांकडे पाहिलं आणि ओळखलं, की पोरं मठ्ठ नाहीत, पुस्तकात नवे शब्द दाटीवाटीनं कोंबलेत. त्यांनी ते विरळ केले, जुनेपुराणे शब्द काढून रोजचे घातले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादीही आली.

हे वाचलं आणि हसू जरा थांबलं. कारण आमच्या शाळेत हे वारं पोचलंच नव्हतं. पाचवीत एबीसीडी सुरू झाली, आणि दोन-तीन वर्षांत जड धडा वाचताना अडखळलं की बाकावर उभं. वाचनालयातली इंग्रजी पुस्तकं कुलूपबंद, किल्ली सरांकडे. माझ्याबरोबर बाकावर उभा राहणारा एक पोरगा गणितात पहिला यायचा. नववीत दोनदा इंग्रजीतच गेला आणि बापाच्या टपरीवर बसला. त्याला कुणी चारशे शब्दांचं एक पुस्तक दिलं असतं तर? सोपं वाचणं ही लाज नसते, हे मला पन्नाशी उलटल्यावर, तेही कव्हराआडून कळलं. अजून राग येतो.

असो. परवा उभ्यानं वाचत होतो. शेजारी पाठीवर सॅक घेतलेला, शाळा नुकती सुटलेला मुलगा हँडलला लटकलेला. मी ऐटीत, जरा वेगानं पान उलटलं. तो ओशाळून म्हणाला, “काका, मागचं पान दाखवता? दोन ओळी राहिल्यात.”

मी निमूट मागे आलो. ओठ हलवत त्यानं दोन ओळी संपवल्या. मग मान हलवली. मी पान उलटलं. पुढच्या पानावर मात्र तोच थांबला.

“काका, उलटा की. माझं कधीच झालं.”

घाटकोपर आलं. गर्दीत ढकलला जाता जाता मान वळवून त्यानं विचारलं, “ती ल्यूसी वाचते का हो?”

मला माहीत नव्हतं. मी अजून तिथवर पोचलो नव्हतो.