पंख्यात जाळं

लेन्स भाड्याची होती, 600 मिलिमीटरची. निघताना बायकोने बजावलं, "लेन्स जपा. डिपॉझिट तिचं भरलंय, तुमचं नाही." मी कुठे उभा आहे हे घरात इतक्या स्वच्छपणे पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटे पुणं सोडून सोलापूर रस्त्याने भिगवण गाठलं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर फेब्रुवारीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरलेले असतात. कुंभारगावला होडीत बसलो. चित्रबलाक, शेकाटे, नदीसुरय दिसले; फोटोत ते सगळे पांढरट डाग आहेत.

होडीत माझ्यासमोर एक गृहस्थ होते. अंगात झाडाझुडपांच्या नक्षीचं जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी. दूरवर एक झुडूप नाही अशा पाण्यात ते बाभळीसारखे उठून दिसत होते. रोहित दिसताच ते होडीवाल्याला म्हणाले, "दादा, जरा उडवा ना त्यांना! पंख उघडल्याशिवाय रंग दिसत नाही."

हे खरंच आहे. गडद गुलाबी रंग मिटलेल्या पंखात दडलेला असतो. पण तो कमवायला हा पक्षी दिवसभर डोकं उलटं करून चोचीच्या गाळणीतून चिखलपाणी गाळतो. शेवाळ आणि बारीक जीव खाऊनच तो गुलाबी होतो. उडायचं तर आधी पाण्यावर धावावं लागतं. आपल्या एका फोटोसाठी त्याला जेवणावरून उठवून पळवायचं! कुणी आपल्याला पंगतीतून असं उठवलं, तर आपण ताट फेकून मारू.

होडीवाला दादा "नको सर" म्हणत राहिला, जाकीटवाले "एकदाच" म्हणत राहिले. शेवटी होडी वळली आणि मशीन घुसमटून बंद पडलं. पंख्यात जाळं गुंतलं होतं.

मशीन थांबलं तसे रोहित चरत चरत आमच्याकडेच यायला लागले. इतके जवळ, की 600 च्या चौकटीत अख्खा पक्षी मावेना. माझ्याकडे आता पायांचा भरगच्च संग्रह आहे. गुडघा म्हणून आपण जो बघतो तो मुळात त्यांचा घोटा असतो, हे त्या फोटोंवरून कुणालाही शिकवता येईल.

दादा पालथा पडून जाळ्याचा एकेक आस सोडवत होता. पाण्याने बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. नखाने गाठ उचलायची, दातात धरायची, दोरा मागे काढायचा.

"कापून टाका ना," जाकीटवाले म्हणाले. "मी देतो पैसे."

"पैसं द्याल सर. पण जाळं चुलतभावाचं हाय. उद्या पहाटं त्यो पाण्यात काय टाकंल, नोटा?"

जाकीटवाले गप्प झाले. थोड्या वेळाने दादाच आपणहून बोलला, "हितंच खाली आमच्या आज्याचं रान व्हतं. ज्वारी यायची."

उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोकं वर काढतं. ज्या गाळात रोहितांची पंगत बसली होती, तो कुणाच्या तरी ज्वारीचा होता. मी लेन्सला टोपण लावलं आणि जाळ्याचं एक टोक धरलं. दुसरं जाकीटवाल्यांनी धरलं, न सांगता.

एवढ्यात दुसरी होडी आली. तिच्यातून आरोळी, "उडवा उडवा!"

जाकीटवाले ताडकन उभे राहिले आणि सगळ्या फुगवट्याला ऐकू जाईल असे गरजले, "ओरडू नका! पक्षी घाबरतात!"

अख्खा थवा एकदम उठला. डोक्यावर नुसता गुलाबी कल्लोळ. आमच्या दोघांच्याही दोन्ही हातांत ओलं जाळं.

दादाने मान वर केली. "उडवलंतच शेवटी, सर."